दोर किती सोडायचा?

आमच्या मैंदर्गीत पतंगाला दोन नावं आहेत. मराठी बोलणारा पतंग म्हणतो आणि कन्नड बोलणारा गाळीपट. गाळी म्हणजे वारा. कर्नाटकची सीमा अगदी जवळ, त्यामुळे एकाच घरात दोन्ही शब्द सहज ऐकू येतात. मला स्वतःला कन्नड शब्द जास्त आवडतो, कारण त्यात पहिलं नाव वाऱ्याचं आहे. कागद, कामट्या, खळ, दोरा हे सगळं आपलं. पण वारा आपला नाही, हे त्या शब्दातच सांगून टाकलंय.

हे पतंगपुराण आज काढायला तसंच कारण झालंय. माझा नातू, म्हणजे थोरल्या मुलीचा मुलगा, नोकरीनिमित्त गोव्यात असतो. वय वर्षं चोवीस. गेल्या वर्षापासून तो सुट्टीच्या दिवशी पेडणे तालुक्यातल्या आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकतोय. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी त्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाहिलेत आणि अंगठेही दाखवलेत. त्याच्या आईने मात्र अंगठा दाखवला नाही. तिने मला फोन केला.

"अप्पा, तो तुमचं ऐकतो. तुम्ही सांगा त्याला, हे बंद कर म्हणून."

जावई जाऊन चार वर्षं झाली. रस्त्यावरचा अपघात. घरात आता ती एकटी, आणि तिकडे गोव्यात हा एकुलता एक. त्यामुळे तिच्या फोनला "घाबरू नको गं" एवढं उत्तर पुरणार नव्हतं. मी म्हटलं, मला आधी ते प्रकरण काय आहे ते समजू दे. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवला. धडा स्वतःला कळल्याशिवाय वर्गात जायचं नाही, हा नियम निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

मग नातवाला रोज रात्री फोन. त्यालाही बरं वाटलं असावं. "अज्जा, तुम्हाला खरंच ऐकायचंय?" असं त्याने दोनदा विचारलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पायाखाली एक फळी, तिच्यात पाय अडकवायला पट्टे. कंबरेला एक मजबूत पट्टा, त्याला पुढे आकडा. हातात आडवी दांडी. दांडीपासून चार दोर निघतात आणि पाण्यावर उडणाऱ्या भल्यामोठ्या कापडी पतंगापर्यंत जातात. मधले दोन दोर कंबरेच्या आकड्याकडे येतात आणि मुख्य ओढ तेच घेतात. बाजूचे दोन दांडीच्या टोकांना, ते वळवण्यासाठी. पतंग केवढा? नातवाचा बारा चौरस मीटरचा आहे. म्हणजे तीन मीटर बाय चार मीटरची खोली. आमच्या जुन्या घराचा सोपा एवढाच होता! सोप्याएवढं कापड वाऱ्यावर धरायचं आणि त्याने आपल्याला पाण्यावरून ओढत न्यायचं.

या पतंगाच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उठवता येतो. ही युक्ती ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांची. त्यांनी 1984 मध्ये तिचं पेटंट मागितलं. पुढे चाळीस वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, पतंगाच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. त्या पॅरिसला नव्हे, मार्सेयच्या समुद्रावर.

वाऱ्याचं गणित मात्र जुनंच, सहावी-सातवीच्या भूगोलातलं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून थंड हवा येते. ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई वारे. मी हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही, आणि मैंदर्गीतल्या ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता त्यांनी ते पाठ करून मार्कही मिळवले. आश्वेला हा खेळ दुपारनंतर रंगतो, कारण तेव्हा खारे वारे भरात येतात. नातवाला म्हटलं, तुझी शाळा सकाळची नाही हे बरं आहे, लहानपणीही तू उशिराच उठायचास.

आता मुद्द्याचं. बोलता बोलता तो एकदा म्हणाला, "अज्जा, पहिल्यांदा सरांनी मला बारा मीटरचे दोर दिले. आता चोवीसवर जायचं म्हणतायत."

इथे माझे कान टवकारले. कारण दोर किती सोडायचा, हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

आमचा भाग पर्जन्यछायेचा. आषाढात ढग येतात, दाटतात, आणि पाऊस न पाडता पुढे जातात. पण वारा सोडून जातात. नैऋत्येचा तो वारा माळावर दिवसभर भणाणत असायचा. लहानपणी आम्ही त्याच वाऱ्यावर पतंग उडवायचो. एकाने लांब जाऊन पतंग बदवायचा, दुसऱ्याने खेचायचा. पहिल्या पंधरा-वीस हातांपर्यंत पतंग अगदी नाठाळ. जरा खेच दिली की गर्रकन फिरतो, गोता खातो, बाभळीवर जाऊन बसतो. दोर वाढला, की तोच पतंग शहाण्यासारखा स्थिर उभा. पण मग त्याला डावीकडे न्यायचं म्हटलं तर खेच इथे द्यायची आणि उत्तर तिकडून सावकाश यायचं. मध्ये दोऱ्याला झोल पडलेला असायचा. आधी तो झोल सरळ व्हायचा आणि मग पतंगाला कळायचं. आणि ओढ? रिळाचा दोरा बोटाला कापायचा. दोर लांब म्हणजे ओढ जास्त, हे आम्हा सगळ्या पोरांना बोटांनी शिकवलं होतं.

काइटसर्फिंगमध्ये काय होतं ते समजून घेताना मी वही घेऊन बसलो. नातवाने सांगितलं ते असं. माणूस मध्यभागी आहे, दोर ही त्रिज्या, आणि पतंग वाऱ्याच्या दिशेला एका मोठ्या घुमटाच्या आतल्या बाजूवर फिरतो, असं समजा. घुमटाच्या कडेला पतंग नेला की ओढ कमी. अगदी डोक्यावर नेला तरी कमी. घुमटाच्या मध्यातून, वाऱ्याला आडवा, झपाट्याने नेला की ओढ एकदम वाढते.

म्हणजे गंमत ही, की ताकद पतंग नुसता उभा राहून येत नाही, तो पळवल्याने येते. पतंग पळाला की त्याला वाहत्या वाऱ्याबरोबर स्वतःच्या पळण्याचाही वारा लागतो. सायकल जोरात मारली की वारा नसलेल्या दिवशीही तोंडावर वारा येतो, तसंच. आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पतंगाला लागणारा वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट. 1980 मध्ये माइल्स लॉइड नावाच्या अमेरिकन अभियंत्याने याच तत्त्वावर पतंगापासून वीज करता येईल का याचा हिशोब मांडला. वाऱ्याला आडवा पळणारा पतंग स्थिर पतंगापेक्षा कितीतरी जास्त शक्ती देतो, हे त्याने गणिताने दाखवलं.

आता दोराचा हिशोब करू. घुमटाच्या एका कडेपासून डोक्यावरून दुसऱ्या कडेपर्यंतची वाट म्हणजे अर्धवर्तुळ. बारा मीटरच्या दोरावर ती वाट साधारण अडतीस मीटर भरते. चोवीस मीटरच्या दोरावर पंचाहत्तर मीटर. पतंगाचा वेग सेकंदाला बारा मीटर धरला, तर पहिल्या दोरावर तीन सेकंदांत वाट संपते. दुसऱ्यावर सहा सेकंद मिळतात. आखूड दोरावर पतंग वेग घेतो न घेतो तोच कड येते आणि त्याला वळवावं लागतं. लांब दोरावर त्याला पळायला रान मिळतं, वेग पुरता चढतो, आणि ओढ जास्त वेळ टिकते. शिवाय उंचीचाही फायदा. पाण्यालगत आणि जमिनीलगत वारा अडखळतो, वर तो मोकळा असतो. समजा वरचा वारा दहाच टक्के जास्त असला, तरी वर्गाच्या नियमाने ओढ एकवीस टक्के वाढली.

मग आखूड दोरावर पतंग चपळ का वाटतो? याचं उत्तर मला अंगणात सापडलं. तीच सायकल, तेच हँडल. अंगणात फिरवली तर सारखी वळणंच वळणं, शाळेच्या मैदानावर फिरवली तर सरळ रस्ता जास्त. पतंगाला वळायला जवळपास तेवढीच जागा लागते. पण घुमट लहान असला की त्या वळणाने घुमटाचा मोठा भाग व्यापला जातो, आणि पतंग क्षणात इकडचा तिकडे झाल्यासारखा दिसतो. लांब दोरावर तेच वळण निवांत दिसतं. त्यात लांब दोराला स्वतःचं वजन असतं, त्याला वाराही अडतो, थोडा ताणही बसतो. म्हणून हुकूम किंचित उशिरा पोचतो. त्यामुळे दोर वाढवत गेलं की फायदाही वाढतच जातो असं नाही. म्हणूनच साधारण वीस ते चोवीस मीटरचे दोर जास्त चालतात. वारा मंद असला तर काही जण आणखी लांबवतात. उलट पाण्याच्या वर उचलल्या जाणाऱ्या फळीवर शर्यत लावणारे कित्येक जण मुद्दाम आखूड दोर घेतात, कारण त्यांची फळीच एवढी पळते की पतंगाला वेगळं रान द्यायची गरज उरत नाही.

मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बी.कॉम. झाली आहे, हिशोब तिला पटकन कळतो. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग झालं तर. आखूड दोरात ताकद कमी ना? त्याला म्हणावं, करायचंच असेल तर कायम बारा मीटरवरच कर."

आईचं बोलणं आहे, आणि अर्धं बरोबर आहे. शिकाऊ माणसाला आखूड दोर देतात ते याचसाठी. चूक झाली तर पतंग वेग घ्यायच्या आत कडेला जाऊन पोचतो, धक्का लहान बसतो. पण उरलेलं अर्धंही तिला सांगणं भाग होतं. आखूड दोरावर सगळंच लवकर घडतं. पतंग जवळ, पाणी जवळ, विचार करायला वेळ कमी. आणि कमी ओढीवर फळी धड चालत नाही, माणूस पाण्यात बुडत-उठत राहतो, वाऱ्याबरोबर किनाऱ्याच्या खालच्या अंगाला वाहत जातो. निघालो तिथे परत यायचं तर वाऱ्याच्या थोडं विरुद्ध चढत यावं लागतं, आणि त्यासाठी पुरेशी, सलग ओढ हवी. परत येता येणं हीसुद्धा सुरक्षितताच की!

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि चोवीसवर काही झालं तर?"

हा प्रश्न खरा होता. यावर मी तिला एका मास्तरची गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगतो.

इंग्लंडात ब्रिस्टल गावी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांना पतंगाचं वेड. 1824 मध्ये त्यांनी तीस फुटी पतंगाला खुर्ची बांधली, तीत आपल्या मुलीला, मार्थाला बसवलं, आणि तिला सुमारे ब्याऐंशी मीटर उंच उचललं. सुखरूप खाली आणलं. पुढे 1826 मध्ये त्यांनी पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. दोन पतंग, साडेचारशे मीटरच्याही वर दोर, आणि गाडीत बसलेली माणसं ताशी तीस-बत्तीस किलोमीटर वेगाने रस्त्यावरून चाललेली! टोलनाक्यावर त्यांना पैसे पडत नसत म्हणे, कारण टोल जनावरांवर होता आणि गाडीला जनावर नव्हतं. आणि त्या गाडीच्या पतंगांना ताब्यात ठेवायला चार दोर होते. आज नातवाच्या दांडीला आहेत तसेच चार. पतंग उडतो एका दोरावर, पण माणूस त्याला बांधायचा असेल तर एक दोर पुरत नाही, हे मास्तरांना दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

ही मार्था पुढे लग्न होऊन मार्था ग्रेस झाली, आणि क्रिकेटचे डब्ल्यू. जी. ग्रेस हे तिचे चिरंजीव. मुलगी म्हणाली, "अप्पा, तुम्ही मला कधी खुर्चीला बांधून उडवलं नाहीत, ते बरं केलंत." गेल्या कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा हसली.

पण गोष्ट सांगून मी थांबलो नाही. कारण आमच्या पतंगात आणि या पतंगात एक मोठा फरक आहे. आम्ही उडवताना दोर वाढवायचो, ढील द्यायचो, गुंडाळायचो. हात होता तोवर निर्णय बदलता यायचा. आणि अगदीच झेपेना तर दोरा सोडून द्यायचा. पतंग जायचा, आपण घरी. काइटसर्फिंगमध्ये दोराची लांबी किनाऱ्यावरच ठरते. पाण्यात उतरल्यावर ती वाढवता येत नाही, कमी करता येत नाही. आज वारा किती, पतंग केवढा, मी कितपत तयार, हा सगळा विचार कोरड्या वाळूवर उभं राहून करायचा. पाण्यात गेल्यावर हातात उरतात दोनच गोष्टी. दांडी पुढे सोडली की पतंगातली बरीच ओढ गळून पडते, आणि त्यानेही भागलं नाही तर कंबरेजवळ एक कळ असते, ती दाबून ढकलली की पतंग निष्प्रभ होऊन पडतो.

म्हणून मी नातवाला "बंद कर" असं सांगितलं नाही. "खुशाल कर" असंही नाही. मी त्याला प्रश्न विचारले, तोंडी परीक्षेसारखे.

वारा कुठून येतोय? (समुद्रावरून, पण किनाऱ्याला तिरपा. सरळ किनाऱ्याकडे असेल तर वाळूवर आपटवतो. जमिनीकडून असेल तर उतरायचंच नाही, तो खोल समुद्रात नेतो.)

तुझ्या वाऱ्याखाली कोण आहे? (दोर चोवीस मीटर म्हणजे आपल्याभोवती चोवीस मीटरचा पट्टा आपल्या जबाबदारीचा. बारावरून चोवीसवर गेलं की तो पट्टा दुप्पट रुंद होतो आणि क्षेत्रफळ चौपट. पर्यटक, पोरं, कुत्री, सगळी त्यात येतात.)

दोरांची तपासणी कोण करतं? (मीच, रोज. ते डायनीमा नावाच्या धाग्याचे असतात, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, पण माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसतात. काच लावलेली नसते, तरी ताणलेला दोर कातडी कापतो. म्हणून बोटाला कधीच गुंडाळायचा नाही.)

ती कळ तू किती वेळा दाबून पाहिली आहेस?

इथे तो थोडा अडला. "तीन-चारदा," म्हणाला. मी म्हटलं, दर वेळी पाण्यात उतरण्याआधी एकदा दाबायची. डोळे मिटून दाबता आली पाहिजे. ती आली की मला सांग, मग चोवीस मीटरचं बघू. शिकवणारे सर काय म्हणतात तेही विचार. त्याने विचारलं. सरांनी सांगितलं, आजोबा बरोबर बोलतायत. आधी कमी वाऱ्याच्या दिवशी, मी पाण्यात तुझ्यासोबत असताना, लांब दोर.

असो. मुलीची भीती गेली असं मी म्हणणार नाही. तशी ती जात नसते, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. भीती असणाऱ्या माणसाकडूनच नीट प्रश्न येतात. एक फरक मात्र पडलाय. पूर्वी ती रविवारी त्याला फोन करून "कधी सोडणार हे?" एवढंच विचारायची, आणि तो "बघू" म्हणून फोन ठेवायचा. आता त्यांचं बोलणं लांबतं. वारा कुठला होता, बरोबर कोण होतं, कळ दाबून पाहिलीस का, अशी सगळी उलटतपासणी होते. आणि तो सांगतो, अगदी रंगवून सांगतो. परवा मला म्हणाला, "अज्जा, आईने काल विचारलं, अठरा मीटरचा दोर मिळत नाही का? मधला?"

मिळतो. मी चौकशी केली आहे. पुढच्या रविवारी वारा हलका असला तर सर त्याला अठरावर उतरवणार आहेत.